खुबा खचल्यावर या, असं सांगू नका : आरोग्य खात्याला खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री आणि आरोग्य खात्यात धोरण ठरवणारे सर्व अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

मी मेडिकलवाला. पूर्व विदर्भात जंगलपट्टा जिथे सुरू होतो, तिथल्या एका तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोर माझं औषधाचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. सरकारशी माझा कागदी संबंध परवान्यापुरता. पत्रबित्र लिहायची सवय नाही, त्यामुळे भाषेत काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

लिहायला कारण झालं एक दोन ओळींचं उत्तर. आमच्याकडची एकोणीस वर्षांची मुलगी आहे. आईवडील मजुरी करतात, धान रोवणी-कापणीच्या हंगामात दोघंही बांधावर. मुलीला जन्मापासून सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. वर्षभरापासून तिच्या डाव्या जांघेत दुखत होतं. नागपूरला एमआरआय केला तर खुब्याच्या हाडाचा गोळा आतून मेलेला निघाला. पण गोळ्याचा आकार अजून शाबूत आहे, खचलेला नाही. हाडाच्या डॉक्टरांनी कुबडी वापरायला सांगितलं, आठवड्याची एक गोळी आणि वर्षाचं एक इंजेक्शन लिहून दिलं, सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय सांगितला. तिच्या वतीने मी अर्ज केला की हा खर्च सरकारी विमा योजनेतून होईल का. एका कार्यालयाकडून उत्तर आलं. त्याचा मतलब एवढाच, की गोळ्या-इंजेक्शनं पॅकेजात बसत नाहीत, ऑपरेशनची वेळ आली की प्रस्ताव पाठवा.

ऑपरेशनची वेळ येणं म्हणजे काय, हे ते उत्तर टाइप करणाऱ्याला कदाचित ठाऊक नसेल. त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्यासमोर जी यादी होती ती त्याने वाचली. ज्यांनी यादी केली त्यांना मात्र माहीत असायला हवं. ती वेळ येते म्हणजे हाडाचा गोळा खचतो. पायरीवर, बांधावर, कधी नुसतं बाजेवरून उठताना. मग तो पुन्हा गोल होत नाही. म्हणजे तुमचं सरकार या मुलीला सांगतंय की आधी मोडून ये, मग बघू.

हे मला कसं माहीत, तेही सांगतो. माझ्या घरात एक खुबा खचला आहे.

माझा मुलगा मे २०२१ मध्ये वीस वर्षांचा होता. नागपुरात त्या महिन्यात खाट मिळणं म्हणजे काय होतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. त्याचा ऑक्सिजन ८८ वर आला होता. आठ दिवस त्याला स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली आणि तो वाचला. त्या इंजेक्शनांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला स्टिरॉइडने जीवदान मिळतं हे जून २०२०मध्ये इंग्लंडच्या मोठ्या चाचणीतून कळलं होतं. त्याच चाचणीत हेही दिसलं होतं की ज्याला ऑक्सिजन लागत नाही त्याला त्याचा फायदा नाही. या दुसऱ्या वाक्याकडे आपल्याकडे फार लोकांनी लक्ष दिलं नाही. मीही नाही.

घरी सोडताना कार्डावर लिहिलं होतं, मिथाइलप्रेडनिसोलोन (ही स्टिरॉइडचीच गोळी) १६ मिलिग्रॅम, दोन वेळा, आठवड्यानंतर कमी करत न्या. किती दिवसांत कमी, कधी बंद, काही नाही. आठवड्याने दोनची एक केली. पोराला खोकला होता, दम लागत होता. मला वाटलं, एवढ्यात कशाला बंद करायची? गोळी माझ्याच दुकानातल्या तिसऱ्या फळीवर. मी देत राहिलो. पाच आठवडे. बावीस वर्षं लोकांना "डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका" म्हणणारा माणूस मी, घरच्या पोराच्या बाबतीत मात्र मीच डॉक्टर झालो.

पुढे सगळं कळल्यावर एका रात्री बिलबुकाच्या मागच्या पानावर मी हिशेब केला. सगळी मात्रा प्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टिरॉइडच्या मापात मोजली, मिथाइलप्रेडनिसोलोनच्या ४ मिलिग्रॅमला प्रेडनिसोलोनचे ५ या दराने. दवाखान्यातली ८००, घरचा पहिला आठवडा २८०, आणि माझ्या शहाणपणाची ७००. एकूण १,७८० मिलिग्रॅम. हाड मरायला साधारण २,००० मिलिग्रॅम लागतात असा जुना अंदाज सांगितला जायचा. मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. संजय अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलै २०२१ मध्ये कोविडनंतर खुब्याचं हाड मेलेल्या तिघांची हकिगत छापली. त्यांची सरासरी मात्रा होती ७५८ मिलिग्रॅम, आणि दुखणं सुरू झालं ते कोविडचं निदान झाल्यावर सरासरी ५८ दिवसांनी. म्हणजे जुन्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी मात्रेत आणि फार लवकर. तो शोधनिबंध छापला गेला तेव्हा माझा मुलगा पुन्हा पहाटे ग्राउंडवर धावायला लागला होता. पोलीस भरतीची तयारी. १६०० मीटर.

दिवाळीच्या सुमारास म्हणाला, "बाबा, टोंगळा दुखते." आमच्याकडे गुडघ्याला टोंगळा म्हणतात. टोंगळ्याचा एक्स-रे काढला, साफ. दोन आठवड्यांनी म्हणाला, टोंगळा नाही, आत कुठंतरी दुखते, जांघेत. कमरेचा एक्स-रे काढला, साफ. खुब्याचा काढला, तोही साफ. एकाने सायटिका सांगितलं, एकाने स्नायू ताणला म्हणून सांगितलं, एकाने धावणं कमी कर म्हणून सांगितलं. मी दुखण्याची गोळी देत राहिलो. तीही माझ्याच फळीवरची. ती घेऊन तो धावत राहिला. होळीच्या आठवड्यात तो जेवायला बसताना मांडी घालू शकला नाही. ताट हातात घेऊन उभाच राहिला. तेव्हा मी नागपूरची गाडी धरली.

एमआरआयमध्ये दोन्ही खुबे निघाले. डावा खचायला लागला होता. उजव्यात हाड मेलं होतं, पण गोळा गोल होता. उजवा पाय त्याचा एक दिवसही दुखला नव्हता.

जे हे पत्र बाहेरून वाचत आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगतो, डॉक्टर मंडळींनी माफ करावं. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं असतं आणि ते कमरेच्या खोबणीत फिरतं. त्या चेंडूला रक्त पुरवणाऱ्या वाटा मोजक्या आणि अरुंद. त्या बंद पडल्या की आतलं हाड मरतं. स्टिरॉइड, दारू, सिकलसेल, अपघातात खुबा निखळणं किंवा मोडणं ही नेहमीची कारणं. काहींना कारणच सापडत नाही. मेल्यावर लगेच काही कोसळत नाही. शरीर दुरुस्तीला लागतं. जुनं मेलेलं हाड खरवडून काढणाऱ्या पेशी वेगळ्या, नवं भरणाऱ्या वेगळ्या. गडबड अशी की काढणारे झपाट्याने काढतात आणि भरणारे मागे पडतात. मातीच्या घराची जुनी भिंत एका दमात पाडली आणि नवी अजून कंबरेएवढीच आली, तर वरचं छप्पर कशावर राहणार? ॲलेंड्रोनेट ही गोळी आणि झोलेड्रॉनिक ॲसिड हे इंजेक्शन काढणाऱ्या पेशींना आवरतात. मेलेलं हाड त्याने जिवंत होत नाही. छप्पराला टेकू मिळतो, नवी भिंत चढेपर्यंत वेळ मिळतो, अशी त्यामागची कल्पना. दोन्ही औषधं मुळात हाडं ठिसूळ होण्यावरची. खुब्यासाठी डॉक्टर ती आपल्या जबाबदारीवर देतात.

हे औषध रामबाण आहे असं मी म्हणत नाही, कारण तसं ते नाही. याच हिंदुजातल्या मंडळींनी २००२ पासून ॲलेंड्रोनेटचे निकाल छापले. २००९ मध्ये त्यांनी ३९५ खुब्यांचा अनुभव मांडला, काही रुग्ण तर आठ वर्षांपर्यंत पाहिलेले. हाड खचण्याचं प्रमाण कमी झालं, खुबा बदलायची वेळ कमी जणांवर आली, असा त्यांचा निष्कर्ष. तैवानमध्ये २००५ मध्ये गोळी घेतलेल्या २९ खुब्यांपैकी २ खचले आणि न घेतलेल्या २५ पैकी १९. हे वाचून मी नाचायचाच बाकी होतो. मग त्याच तैवानची २०१२ ची चाचणी सापडली. ६५ खुबे, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती साखरेसारखी, कोणाला काय ते डॉक्टरलाही ठाऊक नाही. फरक दिसला नाही. २०१५ मध्ये कोरियात ११० रुग्णांवर झोलेड्रॉनिकची चाचणी झाली. तिथेही खचणं टळलं नाही. म्हणजे जाणकारांमध्येच मतभेद आहेत आणि ते खरे आहेत.

माझ्या मुलाचं काय झालं? डाव्याला उशीर झालेला. दहा महिने रेटलं आणि शेवटी कर्ज काढून खुबा बदलला. ज्या जानेवारीत, २०२३ मध्ये, त्याचे सोबती भरतीच्या मैदानी चाचणीला १६०० मीटर धावत होते, त्याच जानेवारीत तो दवाखान्याच्या व्हरांड्यात वॉकर धरून पहिली पावलं टाकत होता. बाविसाव्या वर्षी. मोठ्या आकडेवारीत दहातले सहाच्या आसपास कृत्रिम खुबे २५ वर्षं टिकतात, आणि ती आकडेवारी बहुतेक म्हाताऱ्या माणसांची आहे. तरण्या माणसाचा सांधा जास्त घासतो. म्हणजे पन्नाशीच्या आत पुन्हा टेबलावर जायची तयारी ठेवायची.

उजव्याला गोळी सुरू केली. तीन वर्षं दर रविवारी. पहाटे उपाशीपोटी, साध्या पाण्याचा भरलेला पेला, गोळी चावायची नाही, आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहा-दूध नाही. आडवं झालं तर अन्ननलिका भाजून निघते, आणि चहा-दुधासोबत गोळी अंगी लागत नाही. आमच्या अंगणात तो स्टीलचा पेला घेऊन उभा राहायचा, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि त्याची आई चुलीपाशी चहा झाकून बसलेली. झोलेड्रॉनिकचं इंजेक्शन दिलं की दुसऱ्या दिवशी ताप आणि अंग मोडून यायचं, हेही ठरलेलं. आधी दात तपासून घेतले, किडनीची तपासणी केली, ड जीवनसत्त्व भरून काढलं. जबड्याच्या हाडाला क्वचित इजा होते म्हणतात. फार वर्षं घेतली तर मांडीचं हाड विचित्र जागी मोडल्याचीही उदाहरणं आहेत. तीन वर्षांनी डॉक्टरांनी गोळी थांबवली. उजवा खुबा आजही गोल आहे. तो आता माझ्या दुकानात बसतो, मांडी घालून नाही, स्टुलावर.

गोळीने वाचला की कुबडीने, की मुळातच त्या बाजूचा डाग लहान होता म्हणून? मी सांगू शकत नाही. त्याचे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. पण एक गोष्ट मी सांगू शकतो. उजवा वेळेत सापडला आणि डावा सापडला नाही. वेळेत सापडलेल्याला गोळी, कुबडी, छोटं छिद्र पाडून दाब कमी करायचं ऑपरेशन, असे तीन मार्ग होते. उशिरा सापडलेल्याला एकच.

आता तक्रारी. तोंडी सांगितल्या असत्या तर आवाज चढला असता, म्हणून लिहून.

पहिली तक्रार एमआरआयची. या आजाराच्या सुरुवातीच्या काळात एक्स-रे साफ येतो. हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहे. तरीही आमच्या भागात पंचविशीतला पोरगा जांघ दुखते म्हणून आला की एक्स-रे निघतो, तो साफ येतो, आणि पोरगा दुखण्याच्या गोळ्या घेऊन घरी जातो. डॉक्टरला दोष देऊन काय करायचं? समोर दीडशेची ओळ, एमआरआयचं मशीन शंभरावर किलोमीटर लांब, आणि गरिबाला तिकडे पाठवायचं तर कशाच्या जोरावर? मुलीच्या एमआरआयला खाजगीत साडेसहा हजार गेले, वर दोघांचं गाडीभाडं आणि दोन दिवसांची बुडालेली मजुरी. तिच्या बापाने पैसे मोजून दिले तेव्हा नोटांना अजून धानाच्या कोंड्याचा वास होता. सरकारी यंत्राची तारीख मिळते, पण ती हाड खचेपर्यंतची असते. शिवाय हा आजार दोन्ही बाजूंनी असण्याची शक्यता मोठी, म्हणून एकाच खेपेत दोन्ही खुबे पाहायला हवेत. मुलीच्या पहिल्या चिठ्ठीवर "डावा" एवढंच लिहिलेलं होतं. मी फोन करून बदलून घेतलं. सगळ्यांच्या घरी मेडिकलवाला नसतो.

दुसरी तक्रार सिकलसेलवाल्यांची, आणि मला वाटतं ही सगळ्यात मोठी आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल किती आहे ते तुमच्याच खात्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. राज्याचा कार्यक्रम कित्येक वर्षं चालू आहे, केंद्राचं अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झालं, कार्डं वाटली जातात, रक्त तपासलं जातं, सिकलसेलवरची हायड्रॉक्सियुरियाची गोळी मिळते. हे सगळं चांगलंच आहे, आमच्या भागात त्यामुळे पोरं वाचली. पण सिकलसेलमध्ये खुब्याचं हाड मरणं हे काही दुर्मीळ नाही, आणि ते नेमकं तरुण वयात होतं. त्या मुलीच्या कार्डावर तारखा आहेत, हिमोग्लोबिन आहे, शिक्के आहेत. खुब्याबद्दल एक शब्द नाही. वर्षभर ती दर महिन्याला गोळ्या न्यायला जात होती, लंगडत जात होती, आणि सिकलसेलमध्ये अंग दुखतंच म्हणून कोणी खोदून विचारलं नाही. दोन प्रश्न पुरेसे होते, जांघेत दुखतं का, आणि मांडी घालता येते का. (या मुलांमध्ये ॲलेंड्रोनेटचा पुरावा आणखी विरळ आहे आणि हे औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे लग्नाच्या वयाच्या मुलीला ते देताना सगळं समजावून सांगावं लागतं. तिच्या डॉक्टरांनी अर्धा तास बसून सांगितलं. आईने शेवटी एकच विचारलं, "पोरगी चालंल का जी?")

तिसरी, डिस्चार्ज कार्डाची. स्टिरॉइड दिलं असेल तर कोणतं, किती, कधीपासून, आणि कोणत्या तारखेला बंद, हे लिहिलेलं नसतं. लिहिलेलं असतं तर मी पाच आठवडे ती गोळी दिली नसती. नसती दिली, असं निदान मला वाटून घ्यायला आवडतं.

त्याच ओघात आमच्या धंद्याबद्दलही लिहितो, नाहीतर म्हणाल स्वतःचं झाकलं. सांधेदुखीची "चांगली वाली पुडी" आमच्या बाजारात खुलेआम मिळते. कागदात चार सुट्या गोळ्या, नाव नाही, गाव नाही. दोन दिवसांत म्हातारी नाचायला लागते. त्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडचं पान देणारेही आमच्यातच आहेत. धाडी पडतात, आधी कळतात. यापुढे मी काही लिहीत नाही, मला याच गावात दुकान चालवायचं आहे.

चौथी, पैशांची. खुबा बदलायला सरकार मोठा खर्च करायला तयार आहे. ॲलेंड्रोनेटच्या चार गोळ्यांचं पान, म्हणजे महिन्याचा उपचार, माझ्या दुकानात दोनशेच्या आसपास जातं. वर्षाचं धरा अडीच हजार. झोलेड्रॉनिकच्या बाटलीची छापील किंमत आणि मला पडणारी किंमत यांत जे अंतर आहे ते इथे लिहिलं तर धंद्यातली मंडळी माझ्याशी बोलायची बंद होतील. पण सरकारने घाऊक खरेदी केली तर ती आणखी किती खाली येईल हे तुमच्या खरेदी विभागाला मी शिकवायला नको. दहा जणांना गोळी देऊन त्यातल्या एकाचा जरी खुबा बदलायचा टळला, तरी तुमचाच पैसा वाचतो. माणूस वाचतो तो वेगळा.

आणि पाचवी तक्रार, जी मला हे सगळं वाचताना सगळ्यात जास्त टोचली. या औषधाचा जगातला एक मोठा अनुभव आपल्या मुंबईतला आहे. तैवान, कोरियाने पन्नास-शंभर रुग्ण घेऊन नीट चाचण्या केल्या. आपल्या राज्यात सिकलसेलचे एवढे रुग्ण, कोविडमध्ये स्टिरॉइड घेतलेले एवढे लोक, आणि कोणाचा खुबा कधी दुखला, कोणाला गोळी दिली, कोणाचा खचला, कोणाचा टिकला याची एक नोंदवहीसुद्धा मला सापडली नाही. माझ्या मुलाच्या उजव्या खुब्याचे तीन वर्षांचे पाच एमआरआय माझ्या कपाटात, औषधांच्या कॅटलॉगखाली पडले आहेत. ते कोणी मागितले नाहीत. असे किती कपाटांत पडले असतील? गोळी उपयोगी आहे की नाही हा वाद मिटवायची ताकद आपल्याकडे होती आणि आहे. गोळी निरुपयोगी निघाली तर तेही कळू द्या. मी पहिला माणूस असेन जो गिऱ्हाइकाला सांगेल, पैसे घालवू नका.

मागण्या थोड्या आहेत.

१. चाळिशीच्या आतल्या ज्या रुग्णाने स्टिरॉइड घेतलं आहे किंवा ज्याला सिकलसेल आहे, त्याला जांघेचं किंवा खुब्याचं दुखणं तीन आठवड्यांहून जास्त असेल, तर एक्स-रे साफ असला तरी दोन्ही खुब्यांचा एमआरआय पंधरा दिवसांत मोफत व्हावा. जिल्ह्यात यंत्र नसेल तर खाजगी केंद्राशी करार करा आणि रुग्णासोबत एका माणसाचं जाण्यायेण्याचं भाडं द्या.

२. सिकलसेलच्या कार्डावर खुब्यासाठी एक रकाना छापा. वर सांगितलेले दोन प्रश्न आशाताईंना आणि आरोग्य उपकेंद्रातल्या अधिकाऱ्यांना शिकवा. दोन तासांचं काम आहे.

३. खचण्याआधीच्या टप्प्यातल्या उपचाराला योजनेत स्वतःचं पॅकेज द्या. त्यात गोळी, इंजेक्शन, त्याआधीच्या तपासण्या, कुबडी आणि पुढचे एमआरआय यावेत. औषध द्यायचं की नाही हे डॉक्टर आणि रुग्णाने ठरवावं, यादीने नाही.

४. डिस्चार्ज कार्डावर स्टिरॉइडची एकूण मात्रा आणि बंद करायची तारीख मराठीत लिहिणं सक्तीचं करा.

५. राज्याची नोंदवही सुरू करा आणि एखाद्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाकडे ती सोपवा. दर वर्षी आकडे सगळ्यांना पाहता येतील असे ठेवा. माझे पाच एमआरआय घेऊन मी स्वतः येतो.

ज्या कार्यालयाने ते दोन ओळींचं उत्तर दिलं त्याचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. तिथल्या माणसावर कारवाई झाली तर मला आनंद होणार नाही. त्याची यादी बदला.

मुलीचा पुढचा एमआरआय दिवाळीनंतर आहे. तोवर कापणी झालेली असेल, पण मळणीचे पैसे हातात यायचे असतील. तिने नर्सिंगला प्रवेश घेतला आहे. वसतिगृहात खोली दुसऱ्या मजल्यावर मिळाली होती, ती तळमजल्यावर करून घ्यायला मी आणि तिचा बाप कालच जाऊन आलो. दर रविवारी पहाटे सहाला ती मला मिस्ड कॉल देते, म्हणजे गोळी घेतली. साडेसहाला दुसरा देते, म्हणजे आता चहा प्यायला हरकत नाही. उत्तर दिवाळीआधी आलं तर बरं होईल.

आपला विनम्र,
बसस्टँडसमोरचा मेडिकलवाला
पूर्व विदर्भ